तुर्की लोकगीतांतील प्रीती, विरह आणि पित्याची संमती

अनातोलियातील लोकगीतास ‘त्युर्क्यू’ अशी संज्ञा आहे. ‘तुर्क’ शब्दास अरबी संबंधवाचक प्रत्यय लागून ती सिद्ध झाली. ह्या गीतांच्या परिवारातील अगदी लहान प्रकार म्हणजे ‘मानी’ होय. तिचे चार चरण प्रत्येकी सात अक्षरांचे असतात. पहिला, दुसरा व चौथा यमकाने बांधलेले, तिसरा मोकळा. आरंभीच्या दोन चरणांत बहुधा एखादे निसर्गचित्र येते आणि मनातील गोष्ट उत्तरार्धात उघड होते. पूर्वार्ध हा यमकासाठी घातलेला केवळ भरणा, असे सामान्यतः सांगितले जाते. प्रस्तुत लेखकास हे मत अपुरे वाटते. जिला वडीलधाऱ्यांदेखत मन मोकळे करण्याची मुभा नाही, तिला ह्या वरकरणी असंबद्ध ओळींचा आडोसा सोयीचाच वाटला असणार.

भाषेची घडणही ह्या आडोशास साहाय्य करते. तुर्की सर्वनामांत लिंगभेद नाही. प्रियजनवाचक ‘यार’ हा फारसीतून आलेला शब्दही, जो मराठीत केवळ मित्रापुरता उरला, तेथे उभयतांस लागू पडतो. त्यामुळे गीत युवकाचे की युवतीचे, हे निव्वळ शब्दांवरून पुष्कळदा ठरविता येत नाही. मराठी अनुवादकास मात्र क्रियापदाचे लिंग निवडावेच लागते आणि निवड होताच ते झाकलेले मन उघडे पडते. अशा अनुवादांवरून स्त्रीमनाविषयी अनुमाने काढताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

विरहगीतांचा मुख्य शब्द ‘गुर्बेत’, म्हणजे परमुलुखातील वास. आपला ‘गरीब’ शब्द त्याच अरबी धातूपासून निघाला असून त्याचा मूळ अर्थ ‘परका’ असा आहे. 1961 मध्ये पश्चिम जर्मनीशी झालेल्या करारानंतर तिकडे गेलेल्या मजुरांनी ह्या गीतांत नवी भर घातली. निरोप नेणारा पक्षी बहुधा क्रौंच असतो.

विवाहाची मागणी रूढीनुसार मुलाकडील वडीलधारे मुलीच्या घरी जाऊन घालतात. 1926 साली तुर्कस्तानने स्विस संहितेच्या आधारे नागरी कायदा स्वीकारला आणि विवाहास वधूवरांची स्वतःची संमती आवश्यक ठरविली. गीतांचे जग मात्र त्याहून जुने आहे. लग्नापूर्वीच्या मेंदीच्या रात्री वधूस रडविण्यासाठी मुद्दाम गाणी म्हणतात. त्यांत घर सोडण्याचे दुःख असते. वराविषयीच्या प्रीतीचा उच्चार क्वचितच.

पित्याच्या नकाराचे सर्वांत कठोर रूप ‘केरेम आणि आस्ली’ ह्या कथेत दिसते. हिच्यातील गद्य भाग सांगावयाचा, पद्य भाग गावयाचा. आस्लीचा पिता आर्मेनियन धर्मगुरू. मुसलमान तरुणास कन्या द्यावी लागू नये म्हणून तो तिला घेऊन गावोगाव पळतो. अखेर त्यास रुकार द्यावा लागतो, परंतु तो तिला मंतरलेला पोशाख घालून पाठवितो. शेवटच्या बिरड्यापर्यंत येताच उघडलेली सारी बिरडी पुन्हा लागतात. केरेमच्या निःश्वासातून ज्वाला निघून तो भस्म होतो. आस्ली ती राख आपल्या केसांनी गोळा करू लागते, तोच तिच्यातील ठिणगीने केस पेटतात.