न बोलणाऱ्या अवयवांचा हिशेब

आपल्याकडे प्रकृतीची विचारपूस बहुधा पोटापासून सुरू होते आणि पोटापाशीच संपते. भूक लागते की नाही, कोठा साफ होतो की नाही, रात्री झोप येते की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली म्हणजे मनुष्य निरोगी ठरतो. आणि ही कसोटी अगदीच टाकाऊ आहे असे म्हणवत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिने काम भागवले आहे. मात्र जे अवयव फिर्याद घेऊन येतात त्यांचीच ती दाद घेते, हे तिचे मोठे वैगुण्य होय. जठर बोलते, आतडी बोलतात, गुडघे तर चार पायऱ्या चढताच बोलू लागतात. यकृत आणि मूत्रपिंडे मात्र जवळजवळ दिवाळे निघेपर्यंत अवाक्षर काढीत नाहीत, आणि आयुष्यभर ज्यांची निगा राखायची त्यांत नेमकी हीच मंडळी अग्रभागी आहेत.

मूत्रपिंडांचेच घ्या. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने राहणारी, प्रत्येकी सुमारे 150 ग्रॅम वजनाची ही जोडी. परंतु विश्रांतीच्या वेळी हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या तिच्याकडे वळतो. प्रत्येक मूत्रपिंडात अदमासे 10 लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपाने खर्ची पडून बाकीचा सारा रक्तात परत जमा होतो. पाणी आणि क्षार यांच्या या जमाखर्चाखेरीज रक्तदाबाचे नियमन करणे, तांबड्या पेशी तयार करण्याविषयी अस्थिमज्जेला संप्रेरकाद्वारे हुकूम पाठवणे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देणे, हीही कामे याच दप्तरात चालतात.

एवढा व्याप असूनही निसर्गाने येथे शिल्लक इतकी सढळ हाताने ठेवली आहे की धडधाकट मनुष्य एक मूत्रपिंड दुसऱ्यास देऊन उरलेल्या एकावर वर्षानुवर्षे कारभार चालवू शकतो. उरलेले मूत्रपिंड आकाराने थोडे वाढते आणि जादा काम अंगावर घेते. आई मुलाला, भाऊ बहिणीला मूत्रपिंड देतात ते याच बळावर. (अशा दानाला कायद्याची चौकट देणारा 1994 चा अवयवप्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांनी केलेल्या ठरावांच्या आधारे संमत झाला, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.) परंतु हीच सुबत्ता रुग्णाला घातक ठरते. निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी झाल्या तरी चालणे-बोलणे, जेवणखाण, कचेरीचे काम यांत तिळमात्र फरक पडत नाही. आणि पायांवर सूज, अन्नावरची वासना उडणे, दम लागणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा मुद्दलच संपत आलेले असते.

या मौनाचा भेद करण्याची पहिली युक्ती लंडनच्या गायज इस्पितळातले वैद्य रिचर्ड ब्राइट यांनी 1827 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने रूढ केली. अंग सुजलेल्या रुग्णाचे मूत्र चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवले असता ते पांढरे होऊन गोठते, म्हणजे रक्तातली प्रथिने गाळणीतून निसटू लागली आहेत. आणि अशा रुग्णांचे शवविच्छेदन केल्यावर मूत्रपिंडे विकृत झालेली आढळतात, हा संबंध त्यांनी जोडून दाखवला. आजची मूत्रातील अल्ब्युमिनची तपासणी म्हणजे त्याच चमच्याची सुधारलेली आवृत्ती. रक्तातील क्रिएटिनीनचे प्रमाण पाहण्याचा प्रघात अधिक आहे खरा. परंतु पुष्कळ रुग्णांत निम्मी कार्यशक्ती गेल्यावाचून तो आकडा मर्यादेबाहेर जात नाही, म्हणून मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या करवाव्यात हे उत्तम.

हे दोन विकार वेगळे काढून सांगण्याचे कारण असे की मूत्रपिंडांच्या दीर्घकालीन ऱ्हासामागे मुख्यत्वे त्यांचाच हात असतो, आणि तेच हृदय, मेंदू आणि नेत्रपटल यांच्याही मुळावर येतात. कारण या सर्व अवयवांचे जीवित सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर अवलंबून आहे. वयपरत्वे रक्तदाब चढायचाच, ही समजूत एके काळी भल्याभल्या डॉक्टरांचीही होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे हृदय वाढले आहे आणि रक्तदाब धोक्याच्या पातळीवर आहे, असे 1944 च्या मार्चमध्ये तपासणीत आढळले, तेव्हा विश्रांती, मीठ कमी करणे आणि डिजिटॅलिस याहून फारसे काही वैद्यांच्या हाती नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते निवर्तले. पुढे 1948 साली फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या पाच हजारांवर रहिवाशांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली आणि चढा रक्तदाब हा वार्धक्याचा साथीदार नसून हृदयरोगाचा अग्रदूत आहे, हे तिने सिद्ध केले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरे म्हणते. पापड, लोणचे आणि फरसाण यांनी सजलेल्या आपल्या पानात एवढ्यावर भागवणे किती कठीण, हे निराळे सांगायला नको.

‘किडनी साफ करणाऱ्या’ काढ्यांचा सध्या मोठा बोलबाला आहे. गाळणी हेच ज्याचे काम त्याला बाहेरून धुऊन काढण्याची कल्पना मला विनोदी वाटते. आणि काही भस्मांतून शिसे वा पारा पोटात जाऊन मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा विनोदही फार काळ टिकत नाही. परंतु त्याहून साधी आणि घरोघरची भानगड वेदनाशामक गोळ्यांची आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी औषधे ज्या रसायनांना रोखून सूज आणि वेदना शमवतात, तीच रसायने संकटकाळी मूत्रपिंडाकडे जाणारी वाहिनी मोकळी ठेवीत असतात. तरुण, सुदृढ माणसाने ती दोन दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही. परंतु गुडघेदुखीसाठी ती नित्य घेणारा, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर असलेला वृद्ध उन्हाळ्यात जुलाबांनी शोषला गेला असता तीच गोळी घेईल, तर चार-दोन दिवसांतही त्याची मूत्रपिंडे कामबंद पुकारू शकतात. आणि औषधांच्या दुकानात ही गोळी मागणाऱ्याला वय किती, आणखी कोणती औषधे चालू आहेत, जुलाब होत आहेत काय, यांतला एकही प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही.