गाडीतला फुगलेला वॉलपेपर

मैत्रिणींनो, गटाच्या नाश्त्याच्या गाडीत आतून लावलेला वॉलपेपर फुगला, काळा पडला, तर त्यावरच नवा चिकटवू नका. मागं ओल असते. बुरशी वाढते, प्लाय कुजतो. गिऱ्हाइकाच्या तब्येतीचा आणि गटाच्या नावाचा प्रश्न आहे.

आधी गॅसची टाकी बाहेर काढा. प्लास्टिकचा वॉलपेपर हेअर ड्रायरनं कोमट करा, कोपऱ्यापासून हळूहळू सोला. राहिलेला गोंद साबणपाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा.

मग टपावर पाणी ओतून कुठं झिरपतं ते बघा. ती फट कोरडी झाल्यावर सिलिकॉननं बुजवा. दारं उघडी ठेवून जालन्याच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवा.

पूर्ण कोरडं झालं की नवा वॉलपेपर वरून खाली लावा. शेगडीमागं मात्र नको, तो पेट घेतो. तिथं स्टीलचा पत्राच बसवा.