उपकारस्तुतीची सवय

1972 च्या दुष्काळातली गोष्ट. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, म्हणजे मिलो, मिळायची. तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची. तरीही जेवणाआधी आई नेहमीप्रमाणे डोळे मिटून देवाचे उपकार मानायची. एकदा मी वैतागून विचारलं, ‘‘आई, या भाकरीचे कसले उपकार मानतेस?’’ ती म्हणाली, ‘‘भाकरीचे नाही रे, देणाऱ्याचे. जेव आता.’’

तेव्हा मला ते उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. त्याचा अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत दोन शब्द नेहमी कानांवर पडतात. देवानं आपल्यासाठी जे केलं त्याबद्दल त्याचे आभार मानणं, ही उपकारस्तुती. आणि देव मुळात जसा आहे, म्हणजे दयाळू, न्यायी, विश्वासू, त्याबद्दल त्याचा गौरव करणं, ही स्तुती. उपकारस्तुतीला काही निमित्त लागतं. स्तुतीला लागत नाही. ज्या दिवशी आभार मानावेत असं काही दिसत नाही, त्या दिवशीही ती करता येते.

मात्र अशी स्तुती ऐन संकटात एकाएकी सुचत नाही. तिची सवय आधीपासून असावी लागते. बायबलमधल्या दानीएलाचं उदाहरण पाहा. राजाखेरीज कुणाकडेही प्रार्थना करायची नाही, असा हुकूम निघाला. मोडणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकणार होते. दानीएल घरी गेला आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून देवाचे उपकार मानत राहिला. पूर्वी तो जसं करीत असे, तसंच त्यानं केलं, अशी नोंद तिथे आहे. संकट नवं होतं, प्रार्थना रोजचीच होती.

दुसरं उदाहरण जर्मनीतलं. मार्टिन रिंकार्ट (1586-1649) हे सॅक्सनीतल्या आयलेनबुर्ग या गावचे पाळक. तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, 1637 साली गावात महामारी पसरली. रिंकार्ट यांनी त्या एका वर्षात चार हजारांहून अधिक लोकांचे अंत्यविधी केले. त्यांत त्यांची पत्नीही होती. याच रिंकार्ट यांचं उपकारस्तुतीचं एक गीत आज जगभरच्या चर्चमध्ये गायलं जातं. युद्ध संपल्याच्या आनंदात त्यांनी ते लिहिलं, असं पुष्कळांना वाटतं. अभ्यासकांच्या मते मात्र ते त्याच्याही आधीचं, घरच्यांनी जेवणाच्या वेळी म्हणायची प्रार्थना म्हणून रचलेलं आहे.

रोज तेच म्हटलं की ते यांत्रिक होत नाही का, असं आमच्या संडे स्कूलमधली मुलं विचारतात. होतं, कधी कधी होतं. चार वर्षांपूर्वी माझी पत्नी देवाघरी गेली. दफनविधी आटोपून नातेवाईक आपापल्या गावी परतले आणि मी पहिल्यांदा एकटा जेवायला बसलो. सवयीनं दोन ताटं घेतली होती, त्यातलं एक परत ठेवलं. हात जोडले, पण मनात देवाबद्दल राग होता. तरी आईची ती जुनी वाक्यं तोंडून आली. मन त्यात नव्हतं. पण देवाशी बोलणं तुटलं नाही. मन परत यायला पुढे बरेच महिने लागले.

याचा अर्थ दुःखाबद्दलच आभार मानायचे असा नव्हे. पौलानं थेस्सलनीकाच्या मंडळीला प्रत्येक स्थितीत उपकार मानायला सांगितलं. प्रत्येक स्थितीबद्दल नव्हे. स्तोत्रसंहितेच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘स्तुतिगीते’ असा आहे. पण तिच्या दीडशे स्तोत्रांमध्ये विलापाची, देवाकडे केलेल्या तक्रारीची स्तोत्रंही पुष्कळ आहेत. तेव्हा रडायला इथे मनाई नाही.

मग सुरुवात कशी करावी? वेगळी वेळ काढायला गेलं तर ती सापडत नाही. म्हणून रोजच्या एखाद्या कामाला ही प्रार्थना जोडावी. मी ती सकाळच्या चहाला जोडली आहे. मागणं मागण्याआधी एक वाक्य स्तुतीचं म्हणतो. मग कालच्या दिवसातल्या तीन गोष्टींचे उपकार मानतो. ‘सगळ्यासाठी आभार’ असं मोघम म्हणत नाही. नळाला वेळेवर आलेलं पाणी, शेजारच्या वहिनींनी पाठवलेली वाटीभर भाजी, अशी नावं घेतो. भाजीचं नाव घेतलं की वाटी परत करताना वहिनींचेही आभार मानायचं लक्षात राहतं.

आज रात्री जेवायला बसाल, तेव्हा पहिला घास घेण्याआधी मिनिटभर थांबून पाहा. ताटात काय वाढलंय, ते नंतर पाहिलं तरी चालेल.