घटना-नोंदींचे व्यवस्थापन आणि रिलेशनल डेटाबेसच्या मर्यादा

सेलूसारख्या कापसाच्या बाजारपेठेत व्यापाऱ्याची कीर्द आणि खतावणी ही दोन पुस्तके वेगळी का, हे लक्षात घेतल्यास प्रस्तुत विषय सुलभ होतो. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहिला जातो, तेथे खोडाखोड वर्ज्य. खतावणीत तोच व्यवहार खातेनिहाय लावला जातो. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली रिलेशनल रचना खतावणीस जवळची होय. संगणकातील घटना-नोंदी, म्हणजे लॉग, मात्र कीर्दीच्या जातीच्या आहेत. मोठ्या यंत्रणेत त्या सेकंदाला हजारोंनी येतात, नंतर बदलत नाहीत आणि त्यांचे रकानेही एकसारखे नसतात. अशी प्रत्येक नोंद सारणीत घालताना तिच्या सर्व निर्देशांकांतही भर घालावी लागते. निर्देशांक स्मृतीत मावेनासे झाले की डिस्कवर विखुरलेले लेखन सुरू होऊन वेग खालावतो. जुन्या नोंदी ओळीओळीने पुसणेही खर्चिकच. दिवसवार फायली असत्या तर जुनी फाईल सरळ काढून टाकता आली असती. सारणीची कालानुसार विभागणी केल्यास हा त्रास कमी होतो, पण निर्देशांकांचा भार राहतोच. गंमत अशी की, बहुतेक रिलेशनल डेटाबेस स्वतःच्या सुरक्षिततेसाठी आतून कीर्दच ठेवतात: बदल प्रथम लॉगमध्ये, मग सारणीत. परिणामी, मुळातच लॉग असलेली नोंद दोनदा लिहिली जाते. महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या दिवसाकाठी काहीशे नोंदींना अर्थातच यातील कोणतीही अडचण जाणवणार नाही.