माप सांगणारी यंत्रे



तिफण आपण सर्वांनी पाहिली आहे. वर चाडं, त्यातून खाली जाणाऱ्या नळ्या आणि नळ्यांच्या टोकाला तीन फण. चाड्यात मुठीने बी सोडले की ते नळ्यांतून तीन तासांत सारखे पडते. ही तिफण कोणत्या कंपनीने शोधली? कोणालाच सांगता येणार नाही. पण ती कशी करायची हे गावोगावच्या कारागिरांना माहीत होते. फण मोडला तर संध्याकाळपर्यंत दुसरा बसायचा. दोन फणांतले अंतर पिकाप्रमाणे कमी-जास्त करून मिळायचे. कारण तिफणीत काहीच झाकलेले नाही. जो बघेल त्याला ती कळते, जो मोजेल त्याला ती करता येते.

अशा यंत्राला आजकाल ‘ओपन सोर्स’ यंत्र म्हणतात. आपण त्याला ‘खुले यंत्र’ म्हणू. ज्याचा आराखडा, मापे, लागणारे सामान आणि जोडण्याची रीत सर्वांसाठी खुली ठेवलेली असते ते खुले यंत्र. ते कोणीही करावे, दुरुस्त करावे, सुधारावे आणि सुधारलेले परत सर्वांना सांगावे, असा त्याचा नियम आहे.

याच्या उलट बंद यंत्र. ते वाईटच असते असे नाही, पण ते बिघडले की माणूस अडतो. आमच्या घरी कडबा कुट्टीचे यंत्र आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या आतली बुश झिजून तिचे तुकडे झाले. बुश म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती धातूची नळी. वडील तालुक्याला गेले तर दुकानदार म्हणाला, “सुटी बुश येत नाही, पूर्ण जोड घ्यावा लागेल, आणि तो मागवावा लागेल.” लेथवाल्या काकांकडे गेलो, तेव्हा ते मला म्हणाले, “पोरी, भाग काही मोठा नाही गं. एका दुपारचं काम आहे. पण तुकड्यांवरून माप कसं कळणार? माप आण, लगेच करून देतो.” माप कुठेच छापलेले नव्हते. जोड यायला अकरा दिवस लागले. तोवर आई आणि काकू विळ्याने कडबा तोडत होत्या. जाड धांडे म्हशींनी तसेच टाकून दिले. चारा आधीच कमी, त्यात वाया गेला आणि दूधही घटले. आमचा किराणा दुधाच्या पैशावर चालतो, तो त्या आठवड्यात उधार आणावा लागला. बुश एवढीशी, पण तिचे माप माहीत नसल्याने घर अडले.

हा प्रश्न फार जुना आहे. 1929 साली महात्मा गांधींच्या अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी बघण्यासारख्या होत्या. चरखा हलका असावा, झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता यावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी आणि नीट देखभाल केली तर तो वीस वर्षे टिकावा. आणखी एक अट होती. शोध लावणाऱ्याने पेटंट घेतले असले तरी बक्षीस हवे असेल तर ते हक्क संघाला द्यावेत. पेटंट म्हणजे आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्याने ते यंत्र करू नये असा ठरावीक वर्षांचा कायद्याचा हक्क. म्हणजे शोधाचे मोल शोधकाला मिळावे, पण यंत्र लोकांचे व्हावे, असा तो विचार होता. अटी इतक्या कडक होत्या की बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

आपल्या जळगाव जिल्ह्याचाही या विचाराशी संबंध आहे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. प्रसिद्ध चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तूंनी ते नगर सजवले होते. तेथे खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते.

आता पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या गावी जाऊ. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. ते अमेरिकेत शिकून आले होते, मुंबईला मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात होते. ते सोडून ते दुष्काळी गावात आले. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती आणि जनावरांची निगा हे सगळे हाताने करत करत शिकतात. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टरही तयार केला. 2002 साली तिथे फॅब लॅब झाली. ही अशी कार्यशाळा असते की संगणकावर काढलेले चित्र यंत्र कापून देते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेरची ती पहिल्या फॅब लॅबपैकी एक होती.

पाबळचे घुमटाचे घर मला सर्वांत आवडले. त्याला मधे खांब नाही. ते उभे कसे राहते ते तुम्हीच करून बघा. तुराटीच्या चार सारख्या काड्या घ्या, टोके दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि एका कोपऱ्याला ढकला. चौकोन लगेच कलतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करून ढकला. काडी मोडेल, पण त्रिकोण कलणार नाही. पाबळचा घुमट लोखंडी त्रिकोणच त्रिकोण जोडून करतात. एका त्रिकोणावर आलेला भार शेजारच्यांत वाटला जातो. शिवाय तुकडे छोटे असल्याने ते उचलायला यारी लागत नाही, दोन माणसे पुरतात.

परदेशातही असे काम चालते. मार्सिन याकुबोव्स्की हे मूळचे पोलंडचे. भौतिकशास्त्रात डॉक्टर होऊन त्यांनी अमेरिकेत मिसूरी राज्यात शेती सुरू केली. ट्रॅक्टर घेतला, तो मोडला. पैसे देऊन दुरुस्त केला, पुन्हा मोडला. मग त्यांनी स्वतःच ट्रॅक्टर केला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. साधे पण सोयीचे जीवन जगायला लागतील अशा 50 यंत्रांची यादी त्यांनी केली. ट्रॅक्टर, माती दाबून विटा पाडणारे यंत्र, पाव भाजायची भट्टी, पवनचक्की असे त्यात बरेच आहे. म्हणजे अन्न, निवारा आणि ऊर्जा या गरजांची यंत्रे.

काही जण म्हणतील, मग सगळेच घरी करायचे का? तसे नाही. खुले म्हणजे फुकट नव्हे. लोखंड विकतच आणावे लागते. बॉल बेअरिंग आणि मोटार गावात होत नाही. कडबा कुट्टीचे पाते किंवा विजेची जोडणी यात चूक झाली तर हात जाईल, जीवही जाईल. म्हणून जाणत्या माणसाशिवाय हात लावू नये. पण ढाचा, दांडा, बुश, झाकण या गोष्टी आपल्या गावात होऊ शकतात. त्यासाठी फक्त माप हवे.

म्हणून आमच्या वर्गाने एक ‘मापांची वही’ सुरू केली आहे. यंत्र चालू स्थितीत असते तेव्हाच त्याचे माप घ्यायचे. आधी यंत्र बंद करायचे, वायर काढायची आणि मोठ्या माणसाला सोबत घ्यायचे. मग भागाचे चित्र काढायचे. लांबी, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि भोकांमधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहायचे. तो भाग कशाचा आहे, लोखंडाचा की पितळेचा, तेही लिहायचे. प्रत्येक माप दोघांनी वेगवेगळे घ्यायचे. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत चढवायचे. आतापर्यंत कोळपे, तिफण आणि हातपंपाचा दांडा एवढे झाले आहे.

पालकांना एक विनंती. तुमच्या घरी, मळ्यात जे यंत्र वारंवार अडते त्याचे नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून जा. ती वही भिंतीखालच्या खिळ्याला टांगलेली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही व्हर्नियर घेऊन येऊ. वही शाळेतच राहील आणि कोणालाही बघता येईल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता 7 वी