पुढच्या स्प्रॉकेटचा नट सैल झाला तर?

आजचा भाग एका नटाबद्दल आहे. गाडीच्या डाव्या बाजूला, कव्हरच्या आत लपलेला हा नट फारसा कोणी बघत नाही. पण तो निघाला तर स्प्रॉकेट बाहेर सरकतं, चेन उतरते आणि कधी कधी इंजिनाच्या केसवर जाऊन अडकते. केस फुटते. चालत्या गाडीचं मागचं चाक जाम झालं, तर पुढे काय होतं हे सांगायला नको.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. इंजिनाची ताकद नट पेलत नाही. ती शाफ्टवरच्या उभ्या खाचांमधून, म्हणजे स्प्लाइनमधून, स्प्रॉकेटला मिळते. स्प्रॉकेट शाफ्टवरून बाहेर सरकू न देणं एवढंच नटाचं काम. म्हणून नट सैल झाला तरी गाडी चालत राहते आणि आपण फसतो.

आता तुमच्या गाडीत नट आहे का, ते बघा. स्प्लेंडरसारख्या छोट्या गाड्यांत मोठा नट नसतो. तिथे एक पातळ प्लेट आणि दोन छोटे बोल्ट असतात. या रचनेत स्प्रॉकेट आडवं थोडंसं हलतं, ते चालतं. बोल्टचे आटे गेले असतील तर बहुतेक वेळा ते स्प्रॉकेटच्या भोकातले असतात. नवं स्प्रॉकेट, नवी प्लेट आणि नवे बोल्ट टाकले की काम झालं. मोठा नट असलेल्या गाडीत मात्र स्प्रॉकेट हलता कामा नये.

लक्षणं कोणती? डाव्या बाजूने खडखड, कव्हरच्या आत चेन घासल्याच्या खुणा, स्प्लाइनपाशी तांबूस भुकटी. यातलं काही दिसलं तर गाडी थांबवा.

नट फक्त सैल असेल तर काम घरीही होतं. गाडी बंद, चावी काढलेली, गिअर न्यूट्रल. कव्हर काढा आणि मोबाइलवर फोटो घ्या. लॉक वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ करा. चेन चढलेलीच ठेवा. सोबत्याला मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि लांब दांड्याच्या गोटी पान्याने नट फिरवा. चाकाच्या आऱ्यांत सळई घालू नका. काही गाड्यांत आटे उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा.

नट निघाला की शाफ्ट आणि आटे स्वच्छ पुसा. स्प्रॉकेट स्प्लाइनवर डावीकडे-उजवीकडे फिरवून बघा. ते डुलत असेल तर नट पुन्हा सैल होणारच, स्प्रॉकेट बदला. लॉक वॉशर प्रत्येक वेळी नवा. दहा-वीस रुपये वाचवायला जुनाच वॉशर परत दुमडला, तर ती कड तुटते. नट आधी हाताने तीन-चार फेरे बसवा. तो सरळ जात नसेल तर पान्याने दामटू नका. शेवटी टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळा आणि वॉशरची कड नटावर दुमडा. चेनही तपासा. फार ताणलेली चेन स्प्रॉकेट आणि बेअरिंग दोघांनाही ओढत राहते.

आता खरा प्रश्न, आटेच गेले असतील तर? आधी कोणाचे गेले ते ओळखा. त्याच मापाचा, त्याच पिचचा नवा नट हाताने लावून बघा. तो नीट बसला आणि ठरलेला टॉर्क धरला, तर दोष जुन्या नटाचा होता. शाफ्टचे फक्त पहिले एक-दोन आटे दबले असतील तर थ्रेड फाइलने किंवा त्याच मापाच्या डायने ते सरळ होतात. बरेच आटे साफ झाले असतील तर थ्रेड लॉकचा उपयोग नाही. तो द्रव नट सुटू देत नाही, पण गेलेले आटे परत आणत नाही.

इथे रस्त्यावरचा मेकॅनिक म्हणेल, "दोन टाके वेल्डिंग मारतो, साहेब." गाव कुठलंही असो, इंदूर असो की हैदराबाद, हा सल्ला मिळतोच. उत्तरेत या स्प्रॉकेटला गरारी म्हणतात, पण सल्ला तोच! तो घेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने मागचं ऑइल सील जळतं, शाफ्टची कडक केलेली धातू ठिसूळ होऊ शकते, आणि पुढच्या वेळी स्प्रॉकेट काढायला सगळं कापावं लागतं. पक्का उपाय म्हणजे इंजिन उघडून शाफ्ट बदलणं. खर्चिक आहे, मान्य. म्हणूनच तो वेळेवर बदललेला छोटा वॉशर स्वस्त पडतो.

काम झाल्यावर ५० किलोमीटर चालवा, कव्हर उघडा आणि वॉशरची कड जागेवर आहे का ते बघा. पुढे चेन साफ कराल तेव्हा या नटाकडेही एक नजर टाका. भेटू पुढच्या भागात!