जुनी गाडी सदक्यात देताय? आधी आरसीवरचं नाव बदला
धाराशिवहून रात्री-अपरात्री सोलापूरला किंवा लातूरला पेशंट न्यायचा म्हटलं की गाडीची शोधाशोध होते. म्हणूनच घरची जुनी एमएच-२५ सेडान एखाद्या ट्रस्टला द्यावी, असं आपल्यापैकी अनेकांच्या मनात येतं. नियत नेक आहे. पण बऱ्याचदा आपण नुसती चावी देतो. आरसी बुकावर नाव आपलंच राहतं.

घोळ इथेच होतो. उद्या अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं : गाडी कितीही हातांत फिरली असो, नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

म्हणून आधी ट्रस्टचा नोंदणी दाखला पाहावा. फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलावं. कर्ज असेल तर बँकेची एनओसी घ्यावी. विमाही ट्रस्टच्या नावावर करावा. गाडीला १५ वर्षं झाली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण लागतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेता येत नाही, हेही ट्रस्टला सांगावं.

गाडी दुरुस्तीलाच पैसे खात असेल तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. सूरह बकराची २६७वी आयत निकस वस्तू देण्यापासून रोखते. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी आणि आलेली रक्कम चेकने ट्रस्टला द्यावी. आयकराची सवलतही वस्तूवर नाही, पैशावरच मिळू शकते.

चावी दिली म्हणजे गाडी दिली असं नाही. नाव बदललं, तेव्हाच ती दिली.